तक्त्यात अकरा तालुके

१.
वर्धा जिल्ह्यात तालुके आठ. माझ्या तक्त्यात अकरा निघाले. सेलू दोनदा (एक ऱ्हस्व, एक दीर्घ), हिंगणघाट दोनदा (एकाच्या शेपटीला न दिसणारी मोकळी जागा) आणि अकरावा तालुका '(ब्लँक)'. ब्लँक तालुक्यात कापसाचा पेरा बरा आहे.

२.
काम असं: शेतकरी कंपन्यांच्या नोंदी जमवायच्या, एक्सेलच्या पिव्होट टेबलात ओतायच्या, महिन्याच्या महिन्याला तक्ता द्यायचा. घरी विचारलं की सांगतो, बेरजा करतो. ते खरं नाही. बेरीज यंत्र करतं. बेरीज करायची का मोजणी, सरासरी घ्यायची का कमाल, एवढंच मी ठरवतो. दोन टिचक्यांचं काम आहे.

३.
सरकारी मराठीतला माझा सगळ्यात लाडका शब्द 'निरंक'. कोऱ्या रकान्याला इतकं भारदस्त नाव दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं वाटत नाही.

पिव्होटला मात्र तो कळत नाही. रकान्यात वरपासून खालपर्यंत आकडेच असले तर ते आपणहून बेरीज धरतं. मधे एखादा शब्द सापडला की बेरीज सोडून मोजणीवर येतं. म्हणजे आपण विचारायचं किती क्विंटल, आणि ते सांगणार किती ओळी. एका गावाची तूर 'निरंक' आली आणि अख्ख्या तालुक्याची तूर ३७ झाली. ३७ क्विंटल नव्हे, ३७ नोंदी. तक्ता तसाच वर गेला. कोणी काही म्हणालं नाही. पुढच्या महिन्यात मीच सांगितलं, तेव्हा म्हणाले, आम्हाला वाटलं यंदा तूर कमीच आहे.

४.
तीन गावं: १०, ०, २०. सरासरी १०.
तीच तीन गावं: १०, निरंक, २०. सरासरी १५.
शून्याला सरासरीत पंगतीला बसवतात. निरंकला दारातूनच परत पाठवतात.

५.
पावसाच्या तक्त्यात तर 'काही नाही'चे तीन अर्थ होतात. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रिकामं म्हणजे कोणी पाहिलं नाही. 'निरंक' म्हणजे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

पिव्होटच्या पर्यायांत एक चौकट आहे: रिकाम्या जागी काय दाखवायचं. तिथे शून्य टाकलं की तक्ता कसा भरलेला, नीटनेटका दिसतो. आतलं काही बदलत नाही, दिसणं तेवढं बदलतं. पण कागदावर छापल्यावर दिसणंच उरतं.

६.
हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. पहाटे पाच ते दुपारी बारा सलग कोसळला तर तो दोन तारखांत वाटला जातो. वावरातला नाला ही वाटणी पाळत नाही.

७.
मदतीच्या हिशेबात अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर.

समजा तालुक्यात चार मंडळं. एकात ८०, बाकी तिघांत कोरडं. सरासरी लावली तर तालुक्यात २० मिलिमीटर, म्हणजे पेरणीला छान. कमाल लावली तर ८०, म्हणजे पंचनामा. ज्याच्या मंडळात ६४ पडला त्याच्यासाठी कुठलाच पर्याय नाही.

८.
२०२२ साली हवामान खात्याने देशाच्या मोसमी पावसाची सरासरी ८८०.६ वरून ८६८.६ मिलिमीटरवर आणली. आधी १९६१ ते २०१० ही वर्षं धरत होते, आता १९७१ ते २०२०. तेवढाच पाऊस पडला तरी टक्केवारी थोडी सुधारली. आणखी एक: सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पडलेला जिल्हाही 'सामान्य' रंगात असतो. विसाव्या टक्क्याला रंग बदलतो.

९.
एक्सेलमध्ये 7/12 टाइप करून एंटर मारा. ७ डिसेंबर होतं. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर १२ जुलै.

१०.
एक काका चिठ्ठ्या घेऊन आले. समजायला सोपे करून आकडे लिहितो: २ क्विंटल कापूस ७५०० ने गेला, २० क्विंटल ६८०० ने. तक्त्यात त्यांच्या नावापुढे सरासरी भाव ७१५०.

"भाऊ, हा भाव मले कोणं देला?"

कोणीच दिला नव्हता. दोन भावांची बेरीज भागिले दोन, असा तो आला होता. दोन क्विंटलच्या चिठ्ठीला आणि वीस क्विंटलच्या चिठ्ठीला सारखाच मान. काकांनी मोबाइलवर एकूण रक्कम १,५१,००० भागिले २२ केलं. ६८६४. "हे पाहा," म्हणाले, "हे माया खिशात आहे." क्विंटलमागे २८६ रुपयांचा फरक आणि चूक कोणाचीच नाही, सरासरी मागितली, सरासरी मिळाली.

११.
मग मी हुशारी केली. पिव्होटमध्ये स्वतःचं सूत्र घालता येतं. घातलं: भाव गुणिले क्विंटल. हे सूत्र ओळीओळीला चालत नाही. ते आधी भावांची बेरीज करतं (१४,३००), मग क्विंटलांची (२२), मग गुणतं. काकांची विक्री ३,१४,६०० झाली.

काका म्हणाले, "मंग हाच ठेवा न."

१२.
अडतीवरचे जुने मुनीम बेरीज झाली की ताळा करत. संख्येतले अंक मिळवत जायचे, एक अंक उरेपर्यंत. दोन्हीकडचा जुळला की वही मिटायची. पिव्होटमध्ये सगळं आहे, ताळा नाही.

(ताळ्याला अंकांची अदलाबदल कळत नाही. ५४ आणि ४५ त्याला सारखेच. मुनिमांना हे ठाऊक होतं.)

१३.
वर्धा जिल्हा, जनगणना.
२००१: १२,३६,७३६.
२०११: १३,००,७७४.
'फरक' निवडा: ६४,०३८ माणसं वाढली.
'टक्के फरक' निवडा: ५.१८. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राचे १५.९९.
'एकूणाचे टक्के' निवडा: राज्यातला वाटा १.२८ वरून १.१६ वर घसरला.
वाढलो का कमी झालो, हे निवडीच्या यादीत लिहिलेलं असतं.

१४.
साक्षरतेचं प्रमाण एकूण लोकसंख्येवर काढत नाहीत. १९८१ पर्यंत पाच वर्षांवरची माणसं धरत, १९९१ पासून सात वर्षांवरची. वर्ध्याचे २०११ चे सुमारे ८७ टक्के हे सात वर्षांवरच्यांचे. छेदात कोण बसणार हे ठरवणं हीसुद्धा एक नेमणूकच, फक्त तिची बातमी होत नाही.

१५.
मगनवाडीवरून रोज जातो. अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम १९३४ नंतर इथूनच चाललं. जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव. लंडनला शिकलेला, मुंबईत व्यवसाय केलेला हिशेबतपासनीस. गुजरातेत मातर तालुक्याची गावोगाव पाहणी करून, मग ते वर्ध्याला आले. खेड्याचं अर्थकारण मांडणारा माणूस पेशाने ऑडिटर होता, हे आम्ही भाषणांत सांगत नाही. भाषणात चरखा बरा दिसतो.

१६.
विदर्भातल्या बाजारांच्या नोंदी एकत्र केल्या. कारंजाची आवक एकदम फुगली. आमचं कारंजा घाडगे आणि वाशीमचं कारंजा लाड एका ओळीत येऊन बसले होते. पिव्होटला आडनाव लागतं.

राज्याची यादी जोडली तर आष्टीत बीडची आष्टी मिसळते, सेलूत परभणीचं सेलू. आठांतले तीन तालुके जुळे निघाले. १९४२ च्या हुतात्म्यांची आष्टी आमची, हे सांगायला तक्त्यात रकाना करावा लागला: 'जिल्हा'. आधीच करायला हवा होता.

१७.
सरकारी यादीत वर्धा पहिलं. पिव्होट अक्षरांप्रमाणे लावतं, त्यामुळे आर्वी पहिली आणि हिंगणघाट शेवटी. हिंगणघाटच्या एका गृहस्थांनी विचारलं, आम्हाला खाली का टाकलं?

१८.
पीक विम्याचं उंबरठा उत्पादन: मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घ्यायची, त्यांची सरासरी, तिला जोखीमस्तराने गुणायचं. नियम ऐकून एक बाई म्हणाल्या, "खराब दोन वर्सं सोडून देतात, हे बरं आहे. आमाले नाई सोडता येत."

नियम त्यांच्याच फायद्याचा आहे. वाईट वर्षं वगळल्याने उंबरठा वर जातो. मग ७० टक्क्यांनी गुणलं की पुन्हा खाली येतो.

१९.
१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे आणे गेले, शंभर पैसे झाले. पिकाच्या आणेवारीची पैसेवारी झाली. आठ आण्यांच्या जागी पन्नास पैसे. गावात अजून आणेवारीच म्हणतात. पन्नासच्या वर का खाली, ह्यावर सवलती ठरतात. पैसेवारी काढतात गाववार. पेपरात येतो जिल्ह्याचा एक आकडा. विदर्भात अंतिम आकडा ३१ डिसेंबरला लागतो. तोवर बऱ्याच वावरांत सोयाबीनच्या जागी हरभरा उभा असतो.

२०.
एकरी सहा क्विंटल कापूस, असं शेतकरी सांगतो. सरकारी कोष्टकात तोच हेक्टरी पाचशे किलोच्या आसपास रुई होतो. सरकी वजा, एकराचा हेक्टर, क्विंटलचे किलो. देशाच्या कोष्टकात १७० किलोच्या गाठी होतात. तिन्ही ठिकाणी शीर्षक एकच: कापूस.

२१.
दोन अर्थशास्त्रज्ञांचा, राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा, २०१० चा निबंध: देशावर कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ मंदावते. जगभरच्या काटकसरीच्या भाषणांत तो वाजला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याने त्यांची फाईल मागून घेतली. सरासरीच्या सूत्रात पाच देश यायचे राहिले होते.

ते सगळ्यांना माहीत आहे. मला दुसरी गोष्ट जास्त लागली. त्यांच्या सरासरीत ब्रिटनची अशी १९ वर्षं धरलेली होती, न्यूझीलंडचं एकच, १९५१, उणे ७.६ चं. सरासरीत दोघांना सारखंच वजन. दोन क्विंटलची चिठ्ठी आणि वीस क्विंटलची चिठ्ठी.

काकांना सांगितलं. म्हणाले, त्याइले पैसे भरून द्या लागले का?

२२.
पिव्होट टेबल एक्सेलमध्ये १९९३ ला आलं. आमच्या टेबलावर ते आलं तेव्हा त्याला सगळे 'पायवट' म्हणायचे. पायवाटच वाटली होती.

२३.
तीन दिवस बेरीज हलेना. आकडा बदलावा, खालची बेरीज जशीच्या तशी. कोणी व्हायरस म्हणालं, कोणी यंत्राला ऊन लागलं म्हणालं (मे महिना होता, वर्ध्यात तेही पटतं). शेवटी सापडलं: एकाची फाईल 'मॅन्युअल' गणनेवर होती, आणि एक्सेल सुरू केल्यावर पहिली उघडलेली फाईल ज्या रीतीची असेल तीच रीत ते बाकीच्या फायलींना लावतं. तो गडी सकाळी सगळ्यांच्या आधी येतो. एफ-नाइन दाबलं, तीन दिवसांचं गणित एका क्षणात झालं. त्या तीन दिवसांत आम्ही दोन अहवाल पाठवले होते.

२४.
पिव्होटमधल्या कुठल्याही आकड्यावर दोनदा टिचकी मारली की त्याच्या मागच्या सगळ्या ओळी नव्या पानावर उघडतात. नावं, गट क्रमांक, पेरा, सगळं. ज्यांच्याकडे तक्ता जातो त्यांच्याकडे तो पीडीएफमध्ये जातो.

२५.
फोन आला: टक्केवारी नको, आकडे द्या. दिले.
पाच वाजता फोन: फार लहान दिसतात, टक्केवारी द्या.

२६.
यंदाच्या प्रपत्राखाली ठळक अक्षरांत टीप घातली: 'माहिती नसल्यास रकाना रिकामा ठेवावा. उत्पादन नसल्यास ० लिहावे. निरंक लिहू नये.' पहिल्या दिवशी अकरा प्रपत्रं आली. सहा बरोबर होती. चारांत 'निरंक'. एकात 'शून्य', अक्षरी.