आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

काही माणसांचे दुखते एकीकडे आणि ती कण्हतात दुसरीकडे. जुन्या मोटारींचाही स्वभाव असाच असतो.

मुले शिकून पांगली, तेव्हा आम्ही इथे ओहायोत १९८९ सालची एक कॉर्व्हेट घेतली. दोनच आसने, म्हणजे नवराबायकोखेरीज तिसऱ्याला मज्जाव! इतक्या वर्षांनी लाभलेला हा एकांत गिअरबॉक्सपायी हातचा जाण्याची वेळ आली. लांबच्या रस्त्याला गाडी तापे आणि गिअर अडखळत पडत. एका कारागिराने नाडीही न पाहता निकाल दिला, "गिअरबॉक्स नवा घाला, नाहीतर गाडी मोडीत काढा."

स्वयंचलित गिअरबॉक्सची नाडी म्हणजे त्याची तेल मोजायची कांडी. गाडी गरम असताना, इंजिन चालू ठेवून ती काढावी आणि पांढऱ्या फडक्यावर टेकवावी. तेल लाल, नितळ दिसले तर प्रकृती उत्तम. तपकिरी होऊन करपट वास आला, तर ते उष्णतेने भाजलेले. आणि दुधात गुलाबाचे सरबत कालवल्यासारखे फेसाळ दिसले, तर इंजिन तत्काळ बंद करावे. तेलात पाणी शिरले आहे!

पाणी तिथे जाते कसे? गिअरबॉक्सचे तेल निवण्यासाठी नळीवाटे रेडिएटरच्या टाकीत येते आणि इंजिनच्या पाण्याला खेटून परत जाते. दोघांमध्ये पातळ धातूची एकच भिंत. ती फुटली की पाणी तेलात मिसळते आणि क्लचच्या चकत्यांवरचे अस्तर सुटू लागते. भिंत शाबूत असली तरी शेजाऱ्याचा ताप चुकत नाही. पाणीच कढत असेल, तर तेलाने निवावे कुठे?

आमचे तेल तपकिरी होते, गुलाबी नव्हते. म्हणजे भिंत उभी होती. ताप मात्र पलीकडून येत होता. गाडी उभ्या उभ्या तापून चालताना निवत असेल, तर पंखा तपासावा. आमची गावात शहाण्यासारखी वागे आणि हमरस्त्यावर तापे. म्हणजे वाऱ्याचीच वाट अडली असणार. ही गाडी श्वास घेते नाकाखालून. बंपरखालची पट्टी वारा वर रेडिएटरकडे वळवते. पट्टी धड होती. मग गार इंजिनावर रेडिएटरवरचे आच्छादन काढले. तो आणि एसीचा कंडेन्सर यांच्या फटीत मेपलची पाने, काड्या आणि प्लॅस्टिकची एक पिशवी गच्च बसली होती. दोष गाडीचा नव्हता, पानगळीचा होता.

सौभाग्यवती कंदील टांगता टांगता म्हणाल्या, "अहो, दिवाळीची झाडलोट घरापुरतीच असते असे कुणी सांगितले तुम्हाला?"

केर काढला, जाळी हलक्या हाताने धुतली, गिअरबॉक्सचे तेल आणि फिल्टर बदलला. हमरस्त्यावर २३० फॅरनहाइटकडे धावणारा आकडा २०० च्या आसपास स्थिरावला आणि गिअर अलगद पडू लागले. झिजलेल्या चकत्या नव्या तेलाने नव्या होत नाहीत. आमच्या अजून तेवढ्या झिजल्या नव्हत्या, हे नशीब.

घरातही कुणी एकाएकी अडखळू लागले, की आपण त्यालाच दुरुस्त करायला धावतो. त्याचा ताप शेजारच्याकडून आलेला असतो, आणि शेजारच्याला तरी कुठे पुरेसा वारा मिळत असतो? माणूस बदलण्याआधी वाऱ्याची वाट मोकळी करून पाहावी.