रॅम सोडून

‘रॅम सोडून बाकी सगळं जुन्याच रेटला देतो, साहेब. तुम्ही काय परके आहात का?’

गेल्या डिसेंबरात बेळगावातल्या एका दुकानदारानं मला हे तोंडावर ऐकवलं. अजून आठवलं की टाळकं सरकतं. छप्पर सोडून बाकी हॉल जुन्याच भाड्यात देतो, असं कार्यालयवाल्यानं वधूपित्याला सांगावं, तसला हा प्रकार. रॅमशिवाय कॉम्प्युटर म्हणजे पत्र्याचा डबा. तो जुन्या रेटला घेऊन मी त्यात काय धान्य भरू?

वडगावात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंगाई यात्रेचे फलक, गणेश मंडळांची पावती पुस्तकं, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, नोकरीचे ऑनलाइन फॉर्म, असं सगळं चालतं. आमचा भाग विणकरांचा. मागावरच्या नक्षीसाठी पूर्वी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवत, मग पुठ्ठ्यांना भोकं पाडत. आता काही जण ती नक्षी कॉम्प्युटरवर करून घ्यायला येतात. पत्रिका बऱ्याचदा दोन भाषांत असते, मराठीला श्रीलिपी आणि कन्नडला नुडी. जुन्या गिऱ्हाइकांची कामं अजून पेजमेकरमध्ये पडून आहेत. त्यामुळे मशीन बदलायची म्हणजे नुसती खरेदी नसते, अख्खा संसार हलवावा लागतो. म्हणून आमच्यासारखा माणूस आठ-आठ, नऊ-नऊ वर्षं तेच मशीन ओढतो, आणि बदलायची वेळ आली की दहा जणांना विचारतो. तिथंच घोळ होतो.

माझी चारही मशीन जून 2017 ची. तेव्हा बाजारात एकच हाकाटी होती, की 1 जुलैला जीएसटी लागणार आणि सगळं महागणार. दुकानांवर ‘जीएसटीपूर्व सेल’चे फलक. हिनं सोसायटीत ठेवलेले पैसे काढून दिले आणि मी घाईनं चार आय-थ्री घेतले, सातव्या पिढीचे. मशीन उत्तम निघाली, त्याबद्दल तक्रार नाही. पुढं 24 जून 2021 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 11 जाहीर केली आणि आपलं मशीन त्यात बसतं का हे तपासणारं एक छोटं सॉफ्टवेअर दिलं. मी हौसेनं चालवलं. टीपीएम? आहे, हिरवी खूण. सिक्युअर बूट? आहे, हिरवी खूण. मेमरी, डिस्क, सगळीकडे हिरवं. शेवटी प्रोसेसर, आणि तिथं लाल फुली. एखाद-दोन अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची पाहिजे. आणि डेस्कटॉपसाठी आठवी पिढी बाजारात आली कधी? 5 ऑक्टोबर 2017 ला. माझ्या खरेदीनंतर जेमतेम चार महिन्यांनी.

म्हणजे घाई केली म्हणून हुकलं. मग आता थांबून बघू, असं मनाशी ठरलं तर त्यात नवल काय?

मधे 2023 च्या ऑगस्टचा एक तमाशा झाला. 3 तारखेला केंद्र सरकारची अधिसूचना निघाली, की लॅपटॉप, टॅबलेट, सर्व्हर वगैरेंच्या आयातीला परवाना लागणार, तेही ताबडतोब. दुसऱ्याच दिवशी त्याला 31 ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ मिळाली. पण त्या दोन दिवसांत एका दुकानात मला डेस्कटॉपचा भाव वाढवून सांगितला गेला. साध्या टॉवर कॅबिनेटचं नाव त्या यादीत नव्हतंच. मी तसं बोललो तर म्हणतो, ‘वातावरण बघताय न्हवं सर?’ वातावरणाचा दर बिलात कुठल्या ओळीत लावतात हे मला अजून कळलेलं नाही. तेव्हाही मी थांबलो, आणि ते बरोबरच होतं. महिन्याभरात भाव जागेवर आले.

आता मुख्य गोष्ट, 2025 ची. 14 ऑक्टोबरला विंडोज 10 ची मुदत संपणार हे केव्हापासून जाहीर होतं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना वाटत होतं की त्या दिवशी मशीन चालूच होणार नाही. तसं नव्हतं. सुरक्षेचे अपडेट बंद होणार होते एवढंच. पण माझ्याकडे लोकांचे आधार, पॅन, बँकेची पासबुकं स्कॅन होतात. अपडेट नसलेल्या मशीनवर ते करणं मला पटेना. ठरवलं, गणपतीच्या सीझनचा पैसा आला की चार मशीन बदलायची.

तेवढ्यात 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी दिवाळीला जीएसटी कमी करण्याचं सांगितलं. झालं! जो तो म्हणू लागला, थांबा, कॉम्प्युटर स्वस्त होणार. मोबाईलवर याद्या फिरू लागल्या, कुणी 12 टक्के म्हणे, कुणी 5. 3 सप्टेंबरला कौन्सिलची बैठक झाली. दुसऱ्या दिवशी पेपरातली यादी मी बोट ठेवून वाचली. मोठे टीव्ही 28 वरून 18. एसी 28 वरून 18. मॉनिटरही 28 वरून 18, पण 32 इंचांहून मोठे. माझे मॉनिटर 19 इंची! कॉम्प्युटर होता तिथंच, 18 टक्क्यांवर. नवे दर 22 सप्टेंबरपासून लागू झाले आणि माझ्या मशीनच्या किमतीत एका रुपयाचाही फरक पडला नाही.

मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी कोटेशन घेतलं. प्रत्येक मशीनला 16 जीबी रॅम, डीडीआर-5 ची एक पट्टी, साडेचार हजारांना. पैसे तयार होते. आणि कोटेशन देणाऱ्या त्याच दुकानदारानं चहा पाजत सांगितलं, ‘घाई काय आहे? दिवाळी होऊ दे. वर्षअखेर कंपन्यांच्या स्कीमा येतात. नवीन चिप येतीय, जुना माल काढायला रेट पाडतील.’ इकडं पुण्यातल्या भाच्याचा फोन, ‘मामा, आत्ता अजिबात घेऊ नका. इंटेलचं नोव्हा लेक 2026 च्या शेवटी येतंय, सॉकेटच बदलणार म्हणतायत. आजचा बोर्ड उद्या कचरा.’ भाचा आयटीत आहे, त्याला कळतं. यूट्यूबवर बघावं तर प्रत्येक जण ‘अभी मत खरीदो’ म्हणून बोट दाखवतोय. शेजारचे तात्या तेवढे वेगळं बोलले. चार माग आहेत त्यांचे. ‘मुहूर्त बघायलाईस काय रे? सूत उतरंल म्हणून आम्ही माग थांबवून बसलो असतो तर आतापर्यंत हातात वाटी आली असती की.’ मी हसण्यावारी नेलं, कारण सुताचं आणि चिपचं गणित वेगळं, असं मला वाटत होतं.

डिसेंबरात गेलो तर तीच पट्टी तेरा हजारांवर.

कारण शोधत बसलो तेव्हा कळलं, की जगातली बहुतेक सगळी रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या मोठमोठ्या सर्व्हरना वेगळ्या जातीची मेमरी लागते, तिच्यात पैसा जास्त, म्हणून कारखाने तिकडे वळले आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याचा माल आटला. 3 डिसेंबरला मायक्रॉननं जाहीरच केलं की ‘क्रुशियल’ या नावानं किरकोळ ग्राहकांना विकणं आपण बंद करतोय. आमच्याकडे वर्षानुवर्षं तीच पट्टी लोक नाव घेऊन मागायचे. म्हणजे कुणीतरी अमेरिकेत एआयला प्रश्न विचारणार, आणि त्याचा भुर्दंड वडगावातल्या लग्नपत्रिकेवर!

मी कोटेशन पुढं केलं. दुकानदारानं शांतपणे कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. बारीक अक्षरात, ‘दर सात दिवसांपुरते’. ते अक्षर इतकं बारीक की मी डीटीपीवाला असून मला चष्मा वर करून वाचावं लागलं. सहा पॉइंट असेल. बरं, अट आहे, मान्य. पण ‘घाई काय आहे’ म्हणणारं तोंड कुणाचं? त्या तोंडाला सात दिवसांची मुदत नव्हती काय? मी तेवढं बोललो. त्यावर तो म्हणाला, ‘मलाच कुठं ठाऊक होतं साहेब,’ आणि मग ते रॅम सोडूनचं वाक्य.

घरी येईपर्यंत रागानं मी लालबुंद. पण रात्री हिशेबाची वही काढली तेव्हा एक आठवलं. 2022 मध्ये कागद भडकला होता, तेव्हा ठरलेल्या दरात पत्रिका देणं मलाही जमलं नव्हतं. दोन गिऱ्हाइकांना मीच म्हणालो होतो, छपाई जुन्या रेटनं, कागदाचं तेवढं वेगळं बघूया. तेव्हा मला ते अगदी रास्त वाटलं होतं, आणि आजही वाटतं. दुकानदाराचं मात्र रास्त वाटत नाही. असो.

या धंद्यात एक ऑस्बोर्नची गोष्ट नेहमी सांगतात. ॲडम ऑस्बोर्न हा इंग्रज, पण त्याचं बालपण तिरुवन्नामलईत गेलं, कारण वडील रमण महर्षींचे भक्त. 1981 मध्ये त्यानं अमेरिकेत ऑस्बोर्न-1 हा उचलून नेता येणारा कॉम्प्युटर काढला, वजन सुमारे 11 किलो, किंमत 1795 डॉलर. तडाखेबंद खपला. मग पुढचं मॉडेल येतंय हे त्यानं आधीच बोलून टाकलं, लोक थांबले, जुना माल पडून राहिला आणि सप्टेंबर 1983 मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. खरी कारणं आणखीही होती म्हणतात, स्पर्धा होती, हिशेबात गोंधळ होता. शेवटी तो भारतात परतला आणि 2003 मध्ये कोडाईकनालला वारला. मला त्यात एवढंच दिसतं, की तेव्हा आधी बोलल्याची किंमत कंपनीनं मोजली. आता कंपन्या दोन-दोन वर्षं आधी नावं जाहीर करतात, त्यांचं काही बिघडत नाही. बसून राहतं ते गिऱ्हाईक.

जानेवारीत मी दोनच मशीन घेतली, 8-8 जीबीवर. कोरलवर मोठा फ्लेक्स उघडला की ती धापा टाकतात. उरलेली दोन जुनीच आहेत. ज्या विंडोज 10 च्या नावानं एवढी धावपळ केली, तिलाच मायक्रोसॉफ्टनं घरगुती मशीनसाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट दिले. ते मी बसवून घेतले. भाच्याचा परवा परत फोन आला, अजून थांबायला हवं होतं म्हणे. त्याला मी तात्यांचा नंबर दिला.

आता एक विनंती. बेळगाव, निपाणी भागात कुणाच्या माळ्यावर सात-आठ वर्षांपूर्वीचा बंद डेस्कटॉप पडला असेल, तर किलोवर भंगारात घालू नका. वायर काढा, बाजूचा पत्रा उघडा. बोर्डावर उभी लांबट पट्टी दिसेल, तिच्या टोकाच्या क्लिपा दाबल्या की ती वर येते. सोनेरी दात काळे पडले असले तरी चालतील, खोडरबरनं घासले की बऱ्याचदा पट्टी परत धरते. डीडीआर-4 असली तर वडगावात माझ्या दुकानी घेऊन या. रोख घेतो.