वस्तऱ्याची धार

1904 साली किंग जिलेट यांना अमेरिकेत सुरक्षित रेझरचे पेटंट मिळाले आणि दाढी ही पुढे विचार न करता उरकण्याची गोष्ट झाली. आम्ही वस्तरा हाती घेतला तो जुन्याच्या हौसेने नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना दुसऱ्या कशाने केलेली दाढी रुचेना, म्हणून.

काही महिने आम्ही स्वतःच्याच गालांवर शिकलो. पाते कातडीशी साधारण तीस अंशांत धरायचे, मोकळ्या हाताने कातडी ताणायची, केसांच्या दिशेनेच उतरायचे. पट्ट्यावर परजताना पाठ पुढे, धार मागे. वस्तऱ्यावर जोर द्यायचा नसतो. त्याचे वजनच पुरते.

कठोपनिषदात आत्मज्ञानाच्या वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा आहे, ती वाटेच्या दुर्गमतेसाठी. आम्हांस मात्र त्या धारेशी विश्वास भेटला. आमचा एकही निर्णय उलटतपासणीवाचून न स्वीकारणाऱ्या वडिलांनी उशीवर मान मागे टाकली, डोळे मिटले आणि गळा आमच्या स्वाधीन केला. हनुवटीखालची जागा आम्ही दोनदा साबण लावून, श्वास रोखून उतरवली. ते तोवर झोपी गेले होते.