सम आकड्याचा भरवसा

आमच्या आसगावात, पवनी तालुक्यातल्या चौरास भागात, धानाचं नवं बियाणं आलं की जाणता शेतकरी पहिल्या वर्षी ते एकाच बांधीत रोवायचा. पाऊस, तुडतुडे, कापणी सगळं पाहून मग पुढच्या हंगामात बाकीच्या बांध्यांचा विचार. नागपुरात सर्व्हर सांभाळायला लागलो तेव्हा तिथेही हीच रीत दिसली आणि मला हायसं वाटलं.

लिनक्स कर्नलचा तेव्हा साधा नियम होता. मधला आकडा सम असेल तर कामाची आवृत्ती, विषम असेल तर प्रयोगाची. २.४ वापरायची, २.५ लांबून पाहायची. अर्थात सम आकडाही आंधळेपणाने घ्यायचा नसे. २००१ साली २.४ ही मालिका स्थिर म्हणून आली, पण त्याच वर्षी २.४.१० मध्ये मेमरी सांभाळणारा भागच बदलला. २.४.११ तर इतकी फसली की तिच्या नावापुढे ‘डोन्टयूज’ लावावं लागलं. नोव्हेंबरात २.४.१५ आली, तिच्यात ईएक्सटी३ ही फाइल सिस्टीम होती. लोडशेडिंगच्या त्या काळात विदर्भातल्या कुठल्याही सर्व्हरवाल्याला ती हवीच होती. वीज गेली, यूपीएसही संपला, की जुन्या ईएक्सटी२ वर डिस्कची तपासणी संपेपर्यंत ताटकळावं लागे. पण त्याच २.४.१५ मध्ये डिस्क अनमाउंट करताना डेटा बिघडवणारी चूक निघाली आणि काही दिवसांतच २.४.१६ काढावी लागली. ज्यांनी थोडी कळ काढली त्यांचं निभावलं.

थांबणं तेव्हा जमूनही जायचं. डायल-अपवर अख्खी सिस्टीम उतरवणं म्हणजे दिव्यच, म्हणून ‘पीसी क्वेस्ट’सारख्या मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीची वाट पाहायची. ती येईपर्यंत जगात कुणीतरी ठेच खाल्लेली असे. अपाची या वेब सर्व्हरची २.० एप्रिल २००२ मध्ये तयार म्हणून जाहीर झाली, तरी पीएचपीची काही मॉड्यूलं तिच्या थ्रेडमध्ये नीट चालतील का या शंकेने कित्येक जण वर्षानुवर्षं १.३ वरच राहिले. डेबियन या लिनक्स वितरणाची वुडी ही स्थिर आवृत्ती जुलै २००२ ची, पुढची सार्ज थेट जून २००५ ची.

आता कर्नलमधला सम-विषमाचा भेद २.६ पासून मिटलाय. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो, निवडक आवृत्त्यांना मात्र वर्षानुवर्षं दुरुस्त्या मिळतात. कर्नलवर चालणारं एखादं सॉफ्टवेअर बिघडलं तर त्याचा जुना कंटेनर मिनिटात परत उभा राहतो. ही सोय मोठी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. जुन्यालाच चिकटून राहणंही धोक्याचंच, कारण ज्या आवृत्तीला दुरुस्त्याच येत नाहीत तिला स्थिर कसं म्हणायचं?

तरी मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा सापडला तेव्हा मला जुने दिवस फार आठवले. डेबियनच्या स्थिर शाखेत त्या आवृत्त्या पोचल्याच नव्हत्या. तो चोरदरवाजा सापडला पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना, एसएसएचचं लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय या खटकण्यावरून. आपलं यंत्र नेहमी किती वेळ घेतं हे मनात पक्कं असल्याशिवाय असं खटकत नाही. हाताखालच्या पोरांना मी म्हणूनच सांगतो, अपडेट आपोआप होऊ द्या, पण रात्री काय बदललं ते सकाळी चेंजलॉग उघडून वाचा, आणि लॉगिनला किती वेळ लागतो तेही एकदा बघा.