पानाचा पत्ता

कोल्हापुरात पत्ता सांगताना आम्ही सहज ‘गंगावेस’ म्हणतो. तिथे आज वेस उभी नाही. नाव मात्र ठिकाण अचूक दाखवते. यहुदी धर्मपंडितांच्या तालमूदचे संदर्भ संगणकावर प्रथम पाहिले, तेव्हा मला हीच वेस आठवली.

डॅनियल बॉम्बर्ग याने १५२० ते १५२३ या काळात व्हेनिस येथे बाबिलोनी तालमूद प्रथमच संपूर्ण छापला. त्यातील पानांची मांडणी पुढच्या मुद्रकांनी सांभाळली आणि आजही संदर्भ त्या पानांवरूनच दिला जातो. ‘बेराखोत २अ’ म्हणजे बेराखोत या खंडाचे दुसरे पान, पहिली बाजू. खंडाचा मजकूर सहसा दुसऱ्या पानापासून सुरू होतो, कारण पहिले पान शीर्षकाचे! २०१७ पासून ‘सेफारिया’ या संकेतस्थळावर त्याचे इंग्रजी भाषांतर विनामूल्य वाचता येते. पडद्यावर पान उलटायचे नसते, भाषाही बदललेली असते; तरी २अ हे २अच राहते. त्यापुढे परिच्छेदाचा आणखी एक आकडा दिसतो. तो छापील पानावर सापडणार नाही, म्हणून टिपणात तो घेतला तर मी संकेतस्थळाचे नावही लिहितो.

हे वाङ्मय मराठीला परके नाही. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हग्गादा १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतरासह छापला गेला. बेने इस्राएली घरांसाठी काढलेल्या त्या पुस्तकाच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगड्यात आहेत.

ठेच लागते ती आपल्याच अंगणात. तुकोबांचा म्हणून एखादा अभंग मोबाइलवर येतो. खाली क्रमांक असतो, गाथेचे नाव नसते. १९५० च्या शासकीय गाथेत ४६०७ अभंग आहेत. विष्णुबुवा जोगांच्या सार्थ गाथेतला क्रम निराळा. ज्ञानेश्वरीचे त्या मानाने बरे: अध्याय ठरलेले, पाठभेदाने ओवी थोडी मागेपुढे सरकते एवढेच. गाथेत मात्र नुसता आकडा म्हणजे पेठ न लिहिता दिलेला घर क्रमांक. आणि असा आकडा असला की बनावट अभंगही अस्सल वाटू लागतो, ही त्यातली खरी भीती.

मी दोन्ही गाथा शेजारी ठेवतो आणि क्रमांक सोडून पहिल्या चरणावरून अभंग शोधतो. काही ओळी दोन्हींत मिळत नाहीत. अशा वेळी पाठवणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो: गाथा कोणती?