न बोलावता चौकटीत आलेले

भिगवणहून परतलेला माणूस लगेच ओळखू येतो. तो मोबाईल पुढे करतो, दोन बोटांनी फोटो मोठा करतो आणि म्हणतो, "प्रत्यक्षात याहून कितीतरी सुंदर होतं हो!" त्याचं खरंच असतं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर सकाळच्या उन्हात उभा असलेला रोहित पक्ष्यांचा थवा हौशी कॅमेऱ्यात मावत नाही. पक्षी लांब राहतात, कडेला होडीचं टोक येतं आणि एखाद्याची मान चौकटीबाहेर जाते.

मला मात्र असेच फोटो निवांत बघायला आवडतात. कसलेला छायाचित्रकार नको ते सगळं बाहेर ठेवतो. हौशी माणसाला तेवढी उसंत नसते, त्यामुळे त्याच्या फोटोत न बोलावलेलं बरंच काही येऊन बसतं. माझं पक्ष्यांचं शिक्षण बहुतेक या आगंतुकांनीच केलं.

कुंभारगावच्या काठावरून काढलेल्या एका फोटोत गुलाबी-पांढऱ्या रांगेत मध्येच दोन-तीन मळकट, करडे पक्षी उभे आहेत. आधी वाटतं, सावली पडली असेल. मग चोच दिसते, तीही राखाडीच. ही त्यांची पिल्लं. रोहित पक्षी गुलाबी जन्मत नाही. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतलं रंगद्रव्य पोटात जाऊन पिसांत उतरायला त्याला काही वर्षं लागतात. त्यांची विणीची मोठी वसाहत कच्छच्या रणात आहे. म्हणजे भिगवणच्या चिखलातली ही करडी पोरं कुठेतरी वीण नीट पार पडल्याची खबर घेऊन आलेली असतात, आणि आपण शोभा जाते म्हणून नेमकी तीच कापून टाकतो.

दुसरा फोटो थवा उडतानाचा. होडीवाले दादा सांगत होते, "लई पुढं नको सायब, उडतील." पण पलीकडून कुत्रं आलं आणि थवा उठलाच. फोटो हलला, चेहरे पुसले गेले. तरी त्यात दोन गोष्टी स्वच्छ आहेत. उभं असताना मिटून ठेवलेला पंखांचा लाल-काळा रंग एकदम उघडा पडलाय, आणि प्रत्येक पक्ष्यामागे पाण्यावर ओळीने उडालेले शिंतोडे आहेत. रोहित जागच्या जागी उडत नाही, आधी पाण्यावरून धावतो. धावताना त्याचा गुडघा उलटा वळल्यासारखा दिसतो, पण तो असतो घोटा. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. डोळ्यांसमोर हे सगळं क्षणात उरकतं. फोटोत ते थांबून राहतं, म्हणून कळतं.

उरतो तो काठाचा रुंद फोटो, कुणालाच न दाखवलेला. त्यात पक्षी म्हणजे ठिपके. पुढे भेगाळलेला गाळ, त्यावर गाळपेरीची हिरवी पट्टी, वेडी बाभूळ, मागे ऊस आणि विजेचे खांब. पक्षी इथेच का येतात, ते हाच फोटो सांगतो. 1980 च्या सुमारास भीमेवर उजनी धरण झालं, गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ आजही पाणी ओसरलं की वर येतं. हिवाळा सरता सरता उसाला पाणी सुटतं, फुगवटा मागे हटतो आणि गुडघाभर पाण्याचा उथळ चिखल उघडा पडतो. चोच उलटी बुडवून गाळण्यासारखी वापरणाऱ्या पक्ष्याला नेमकं एवढंच पाणी हवं असतं. उसाचं आवर्तन आणि रोहितचं जेवण असं एकमेकांत गुंतलेलं आहे. नुसत्या पक्ष्याच्या देखण्या फोटोत हे कधीच आलं नसतं.

शिवाय अशा फोटोला तारीख आणि जागा चिकटलेली असते. ई-बर्डसारख्या पक्ष्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत धूसर फोटोसुद्धा चालतो. पक्षी ओळखता आला आणि कुठे, कधी दिसला ते कळलं, की त्याचं काम झालं. म्हणून भिगवणला निघालेल्यांना माझं सांगणं एवढंच असतं: पक्षी हवे तेवढे टिपा, पण निघताना काठाचा एक रुंद फोटो काढा. पुढच्या वर्षी त्याच जागी उभं राहून दुसरा काढा. पाण्याची रेघ कुठून कुठे सरकली आणि तिच्यामागे कोण कोण सरकलं, ते दोन्ही शेजारी ठेवून बघा. आणि हो, ते फोटो कापू नका.