दहाव्या मिनिटाला बंद पडणारे यंत्र

३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनजवळच्या आमच्या वाडीतल्या निम्म्याहून अधिक पोफळी आडव्या झाल्या. त्या कुऱ्हाडीला दाद देतात. गोठ्यावर कललेल्या जुन्या फणसासाठी मात्र मी पेट्रोलवर चालणारे कटर विकत घेतले. (चेनसॉ हा शब्द वाडीत कोणी उच्चारत नाही.) टाळेबंदीमुळे महाविद्यालय बंद होते आणि मला पुरुषार्थ दाखवण्यास भरपूर सवड होती.

कटर सुरू होई, पिवळ्याजर्द भुशाचा फवारा उडे आणि आठदहा मिनिटांत आचके देत यंत्र गप्प. दोरी ओढून ओढून खांदा भरून येई. मग अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील काही न बोलता कुऱ्हाड उचलत. त्यांच्या त्या न बोलण्याचा मला जेवढा राग येई, तेवढा यंत्राचाही येत नसे.

पुढच्या काही महिन्यांत तालुक्याच्या मेस्त्रीकडे चार खेपा झाल्या. त्याने प्लग बदलला, हवेची जाळी धुतली, कार्बोरेटरचा पडदा नवा घातला. पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली ऑइल हे प्रमाण मी इंजेक्शनच्या सिरिंजने मोजू लागलो. त्याच्या दुकानात कटर बिनतक्रार चाले. चौथ्या खेपेस तो म्हणाला, "सर, इथे तर चालतंय की!" मी चारचौघांत म्हणालो, "शेंडी लावताय मला?" त्याने पैसे घेतले नाहीत. "दुसरीकडे दाखवा," एवढेच म्हणाला.

वर्गात मी संहितेकडे पुन्हा पुन्हा जायला सांगतो. इथे माझे वाचन एकदाच झाले होते: मेस्त्री लबाड आहे.

पुढच्या मे महिन्यात यंत्र बंद पडताच, पेट्रोल संपले असेल म्हणून टाकीचे झाकण फिरवले, तर 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली. टाकी अर्धी भरलेली होती. झाकण लावले, दोन ओढींत कटर सुरू. पेट्रोल जसजसे खर्च होते तसतशी त्याची जागा घ्यायला बाहेरची हवा आत यावी लागते. तिच्या वाटेवरचे बारीक छिद्र भुशाने आणि तेलाने बुजले, की टाकीत पोकळी निर्माण होते आणि कार्बोरेटरला पेट्रोल ओढता येत नाही. मेस्त्री तपासताना आधी झाकण उघडून पेट्रोल पाहत असे. म्हणजे तपासणीच्या पहिल्याच कृतीने दोष नाहीसा होई, आणि दोनतीन मिनिटांच्या चाचणीत तो परत उद्भवत नसे. आम्ही दोघेही खरे बोलत होतो.

छिद्र धुतले. भुसा पुन्हा बसतोच, म्हणून ते आता अधूनमधून धुवावे लागते. वडिलांना सांगितले तेव्हा फणसाच्या फांद्या त्यांनी कुऱ्हाडीने केव्हाच उतरवल्या होत्या. "मग बुंधा काप," ते म्हणाले.

चेनला धार लावण्याचे निमित्त करून मेस्त्रीकडे गेलो. त्याने सवयीने टाकीचे झाकण उघडले. सांगावे म्हणून मी पुढे सरकलो, आणि धारेचे किती झाले ते विचारले.